तक्रार बंद करताना रीडिंग द्या

आदिलाबादमध्ये घरचं नेट सारखं तुटतं अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं. राउटर बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा. चालू झालं? मग तक्रार बंद. संध्याकाळी पुन्हा तुटलं की पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा नवा तक्रार क्रमांक. यावर कुणी आवाज चढवला तर त्याला चार गोष्टी ऐकवल्या जातात. त्या कंपनीची माणसं ऐकवतात, आणि हैदराबादला किंवा पुण्याला नोकरी करून आलेली आपलीच शिकलेली माणसंही ऐकवतात. बहुतेक दोष ग्राहकाच्या घरातच असतो. हा टोकाचा, जंगलाचा जिल्हा आहे, इथं शहरासारखी सेवा कशी मिळणार? मोबाइलवर एवढा डेटा असताना तारेच्या नेटचा हट्ट कशाला? आणि महिन्याच्या पाच-सहाशे रुपयांसाठी एवढं भांडतं कोण?

या चारही गोष्टी मला मान्य नाहीत. पहिलीत थोडं तथ्य आहे, म्हणून तिच्याकडे जास्त वेळ द्यावा लागेल. पण त्याआधी हे भांडण कशासाठी आहे ते सांगतो, कारण ‘सिनेमा अडकला म्हणून ओरडताय’ असं म्हणून हा विषय उडवून लावला जातो.

आदिलाबादचा मार्केट यार्ड कापसावर चालतो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची, स्लॉट घ्यायचा आणि त्या दिवशी गाडी घेऊन जायचं, अशी पद्धत आली. जमिनीचे कागद आधी धरणी पोर्टलवर होते. १४ एप्रिल २०२५ पासून ते भू भारतीवर आहेत. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं तर कॉलेजांच्या पसंतीचे वेब ऑप्शन ठरलेल्या मुदतीत भरावे लागतात. जैनथच्या शेतकऱ्याची मुलगी शेवटच्या रात्री ऑप्शन भरायला बसते आणि फॉर्म सेव्ह होताना नेट जातं, तेव्हा तिचं जे नुकसान होतं त्याला करमणुकीचं नुकसान म्हणता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, कॉलेजच्या वसतिगृहातल्या मोबाइलबंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सरकारने आणि बाजाराने सगळे व्यवहार ऑनलाइन नेले आहेत. ज्या तारेवरून ते चालायचे ती धड चालावी एवढंच मागणं आहे.

आता पहिली गोष्ट. दोष घरात असतो का? पुष्कळदा असतो, आणि तो शोधायला कुणाची वाट पाहायची गरज नाही. राउटर टीव्हीच्या कपाटात, गोदरेजच्या मागे किंवा कोपऱ्यातल्या फळीवर बंदिस्त ठेवलेला असतो. जुन्या घरांच्या जाड भिंती ओलांडताना वाय-फायचा जीव जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीत शेजारपाजारचे दहा-बारा राउटर त्याच तिघांवर बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण ती लहर भिंतीपलीकडे फारशी जात नाही. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखाली ठेवलेला राउटर दुपारी गुंगला तर त्यात नवल नाही. जुन्या अडॅप्टरचा व्होल्टेज पडतो आणि डबा आपोआप रिस्टार्ट होत राहतो. घरातल्या एखाद्या फोनवरून दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढत असले की अपलोडची वाट तुंबते, आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर बसलेल्याला नेट गेल्यासारखं वाटतं. हे सगळं खरं आहे.

पण घरातला दोष आणि बाहेरचा दोष वेगळे करायला विशेष ज्ञान लागत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. वाय-फायचा प्रश्न तिथंच बाजूला पडतो. मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीतून राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ वर, सतत पिंग सोडा. दुसरीतून बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, उदाहरणार्थ ८.८.८.८ वर. नेट तुटलं त्या क्षणी दोन्हींकडून उत्तर थांबलं तर दोष घरात आहे: केबल, राउटर, वीज. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरून काही येत नाही, तर दोष डब्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. वेळ लिहून ठेवा. त्या वेळी राउटरवरचा कुठला दिवा कसा होता तेही लिहा. पॉन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असणं आणि लॉसचा लाल दिवा बंद असणं ही निरोगी स्थिती. लॉस लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही, आणि तुम्ही राउटर कितीदाही रिस्टार्ट केलात तरी प्रकाश त्यामुळे येणार नाही.

‘दोष घरातच’ म्हणणारे इथपर्यंत माझ्याबरोबर येतात आणि इथंच थांबतात. ग्राहकाला काही कळत नाही, म्हणून आधी त्याचं घर तपासायचं, असं त्यांचं म्हणणं. पण ज्याच्याकडे सगळी माहिती आहे तो पक्ष ग्राहक नाहीच. तो पक्ष कंपनी आहे.

फायबरच्या जोडणीत एका टोकाला तुमच्या घरचा डबा असतो, ओएनटी. दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या किंवा तिच्या स्थानिक भागीदाराच्या खोलीत, ओएलटी नावाचं यंत्र असतं. मध्ये स्प्लिटर असतो. एका फायबरचा प्रकाश तो सोळा, बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतो. जीपॉन नावाच्या या पद्धतीत ओएलटीला प्रत्येक घराबद्दल काय काय दिसतं ते ऐका. तुमच्या डब्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतोय हे दिसतं. लाइनमन याला नुसतं ‘पॉवर’ म्हणतात. तुमच्या डब्याकडून परत किती येतोय हे दिसतं. तुमच्यापर्यंत फायबरची लांबी किती, हेही कळतं, कारण यंत्र ते अंतर मोजल्याशिवाय तुमची बोलण्याची वेळ ठरवूच शकत नाही. आणि तुमचा डबा शेवटचा कधी आणि कशामुळे बंद पडला, याची नोंद राहते. डब्याची वीज गेली तर तो मरता मरता एक शेवटचा संदेश पाठवतो. तंत्रज्ञ त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. फायबर तुटलं तर तो संदेश येत नाही, प्रकाश अचानक नाहीसा होतो. म्हणजे तुमच्या घरची लाइट गेली की बाहेरची तार तुटली, हे तुम्ही फोन उचलण्याआधी त्या यंत्राला माहीत असतं. एकाच स्प्लिटरवरची बत्तीसही घरं एकदम गेली तर दोष मागच्या मुख्य तारेत, एकच घर गेलं तर त्याच्या ड्रॉप वायरमध्ये, हेही खुर्चीवरून न उठता सांगता येतं.

हे सगळं समोर असताना ग्राहकाला ‘दिवे कुठले लागलेत ते सांगा’ असं विचारलं जातं. फोनवरच्या मुलाला हा पडदा दिसत नसेल, त्याला तो दाखवलाही जात नसेल. मग ती व्यवस्था कंपनीने तशी ठेवली आहे, आणि तिचं ओझं फोन करणाऱ्यावर टाकण्याचा तिला अधिकार नाही.

पॉवरचं गणित एकदा समजून घेतलं की निम्मी टोलवाटोलवी बंद होते. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि घरापाशी ती उणे आकड्यात असते. तीन डेसिबल कमी म्हणजे ताकद निम्मी. इथं सर्रास वापरल्या जाणाऱ्या दर्जाच्या यंत्रांत घरच्या डब्याला उणे २७ पर्यंत प्रकाश पुरतो, त्याखाली तो आंधळा. आता पाच किलोमीटरची नीट टाकलेली तार धरा. यंत्रातून साधारण अधिक ३ निघाला. बत्तीसचा स्प्लिटर सुमारे १७ खातो. पाच किलोमीटर फायबर दीडेक खातं. कनेक्टर आणि जॉइंट मिळून एक-दोन. घरी उणे १७-१८ यायला हवा. तुमच्या घरी उणे २६ येत असेल, तर आठ-नऊ डेसिबल वाटेत कुठंतरी सांडले आहेत, म्हणजे प्रकाशाचा सातवा-आठवा भागच तुमच्यापर्यंत येतोय. कुठं सांडले? फ्यूजन न करता नुसता दाबून केलेल्या जॉइंटमध्ये. खांबाला करकचून बांधलेल्या वळणात. धूळ बसलेल्या कनेक्टरमध्ये. हिरव्या तोंडाचा कनेक्टर निळ्या तोंडाच्या अडॅप्टरमध्ये बसवला असेल तर तिथंही; एकाचं टोक तिरकं घासलेलं असतं, दुसऱ्याचं सरळ.

आणि उणे २६ वरची लाइन चालते, हीच खरी अडचण आहे. लाइनमन येतो, हिरवा दिवा पाहतो, स्पीड टेस्ट करतो, जातो. वारा सुटला, तार हलली, दुपारच्या उन्हात बाहेरच्या पेटीतला जॉइंट किंचित सरकला, पहिल्या पावसात पाणी शिरलं, की एक-दीड डेसिबल आणखी जातो आणि लाइन पडते. वारा थांबला की परत येते. ग्राहक म्हणतो, सारखं तुटतं. कंपनी म्हणते, आत्ता तर चालू आहे. दोघंही खरं बोलतात, आणि ज्या आकड्याने वाद मिटला असता तो कुणी काढत नाही.

राउटर रिस्टार्ट केल्यावर नेट येतं, हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. रिस्टार्ट केल्यावर डबा नव्याने नोंदणी करतो, नवं सेशन उघडतो, अडकलेली मेमरी मोकळी होते. उंबरठ्यावरची लाइन या खटाटोपात पुन्हा उभी राहते. दोष तिथंच असतो. शिवाय दोन मिनिटांत वाराही पडतो.

रिस्टार्टला एवढं महत्त्व का आहे, याचं उत्तर तंत्रात नाही, हिशेबात आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले, तेव्हापासून दोष तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यावी, असं तत्त्व आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही तारेची सेवा तीन दिवसांवर बंद राहिली तर पोस्टपेडला सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ आहे. नियम चांगला आहे. पण रोज चार वेळा पडून चार वेळा उठणारी लाइन सलग तीन दिवस बंद कधीच नसते. आणि प्रत्येक रिस्टार्टनंतर तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद झाली की दुसऱ्या दिवशीचा क्रमांक नवा, घड्याळ पुन्हा शून्यावर. महिनाभर हैराण झालेल्या घराच्या नावावर कागदोपत्री दहा-बारा तत्पर निवारणं जमा होतात. तुटक्या लाइनचा ग्राहक पूर्ण बंद लाइनच्या ग्राहकापेक्षा जास्त नागवला जातो, आणि नियमाच्या नजरेतून तो निसटतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तक्रार नोंदताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा त्या जोडणीचं प्रकाशाचं रीडिंग आणि शेवटचं बंद पडण्याचं कारण नोंदवलं जावं आणि ते ग्राहकाला एसेमेसने जावं. एका जोडणीवरच्या महिन्याभरातल्या सगळ्या तक्रारी एकच दोष म्हणून मोजल्या जाव्यात. यासाठी नवं यंत्र लागत नाही, माहिती आहेच. वीज मंडळ मीटरचं रीडिंग बिलावर छापतं, पेट्रोल पंपावर आकडा ग्राहकासमोर फिरतो. फायबरचा आकडा तेवढा झाकून ठेवायचं कारण मला सापडत नाही. बऱ्याच ओएनटींच्या आतल्या पानावर हा आकडा दिसतोही. काही ठिकाणी ते पान ग्राहकासाठी कुलूपबंद ठेवलेलं असतं. ते उघडा.

संध्याकाळचा प्रकार वेगळा. दुपारी दोनला शंभर एमबीपीएस, रात्री नऊला चार. पॉवर उत्तम, दिवे हिरवे, काही तुटलेलं नाही. जीपॉनमध्ये बत्तीस घरांना मिळून खाली येणारी वाट २.४८८ गिगाबिटची असते, ती सहसा भरत नाही. भरते ती स्थानिक चालकाने वरून विकत घेतलेली वाट. गावभर कनेक्शनं वाढवायची आणि वरचा पुरवठा तेवढाच ठेवायचा, की रात्री सगळे बसले म्हणजे तुंबणारच. लॅन केबल लावून दुपारी आणि रात्री घेतलेल्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवा, आठवडाभराच्या. त्यावर ‘राउटर बदला’ हे उत्तर टिकत नाही, कारण राउटर दुपारी तोच होता.

विजेचंही तसंच. मेमध्ये वळवाची वावटळ आली की आपल्याकडे लाइट जाते. घरी इन्व्हर्टर असतो, राउटर चालू राहतो, आणि लाइट गेल्यावर थोड्याच वेळात लॉस लाल होतो. स्प्लिटरला वीज लागतच नाही, मग प्रकाश का गेला? कारण ओएलटी जिथं आहे तिथली बॅटरी मेलेली आहे. या एका निरीक्षणाने मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांची तक्रार एकत्र करता येते. आपल्या बाजूचं काम म्हणजे राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावणं. हजार-दीड हजारात मिळतो, जरूर लावावा. पण तो लावल्यावर पलीकडच्या बॅटरीचा जाब विचारायचा हक्क आणखी पक्का होतो.

आता ‘टोकाचा जिल्हा’ या युक्तिवादाबद्दल, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आदिलाबाद नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे, पूर्वीचा सात, आताचा ४४ क्रमांकाचा. देशाच्या उत्तर-दक्षिण वाहतुकीचा कणा आमच्या दारावरून जातो. हैदराबाद तीनशेच्या आसपास किलोमीटर, नागपूर दोनशे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तीनशे किलोमीटर जाऊन परत यायला त्याला तीन मिलिसेकंद पुरतात. तार आडवळणाने गेली आणि दुप्पट झाली तरी सहा. व्हिडिओ कॉलवर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर दिसत असेल, तर तो अंतराने घातलेला नाही, कुठल्यातरी तुंबलेल्या वाटेने घातलेला आहे. भूगोलाला दोष देणाऱ्यांनी आधी हा भागाकार करावा.

उटनूर, नारनूर, गादिगुडाच्या डोंगरातली वस्ती विरळ आहे, तिथं तार टाकणं महाग पडतं, हे मला ठाऊक आहे. पण ही अडचण देशाने आधीच ओळखली आणि तिच्यासाठी पैसे बाजूला काढले. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत जाते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटला मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०११ मध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची मान्यता मिळाली, आणि त्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडायच्या ठरल्या, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. तेलंगणाने टी-फायबर या आपल्या जाळ्याची नळी मिशन भगीरथच्या पाण्याच्या पाइपाबरोबरच जमिनीत घालायची योजना केली. आदिलाबादच्या ग्राहकाने भरलेल्या प्रत्येक बिलात या निधीचा वाटा आहे. त्यामुळे ‘तुमच्याकडे परवडत नाही’ हे ऐकून घ्यायला आपण बांधील नाही. न परवडणाऱ्या भागासाठीच तो पैसा गोळा झाला आहे.

तारा तुटतात त्या बहुतेक जेसीबीने. रस्ता रुंद होतो, नाली खोदली जाते, पाण्याची पाइपलाइन फुटते, आणि फायबर वर येतं. बेपर्वा खोदाईने देशात वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं खुद्द केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू करताना सांगितलं. खोदणाऱ्याने ॲपवर कळवायचं, तार ज्याची त्याला सूचना जाते. आपल्या मंडलात खोदाई करणारे किती ठेकेदार ते वापरतात, हा प्रश्न नगरपालिकेला आणि पंचायतीला विचारायला हवा. तोही ब्रॉडबँडच्या दुरुस्तीचाच भाग आहे, जरी तो राउटरपासून लांब वाटला.

मोबाइलवर भागवा म्हणणाऱ्यांशी जास्त वाद घालत नाही. २०२४ च्या अखेरीस देशात ९४ कोटींहून अधिक ब्रॉडबँड ग्राहक होते, त्यातले तारेवरचे चार कोटींच्या थोडे पुढे. म्हणजे देश मोबाइलवरच भागवतोय. पण टॉवरलाही मागून फायबर लागतं; मुख्य तार तुटली तर पुष्कळदा घरचं नेट आणि मोबाइल दोन्ही एकदम जातात. पैनगंगेकाठी बेला, जैनथ, भीमपूरकडे फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी नदीपलीकडचा. चार माणसांच्या घरात दोन मुलं शिकत असतील, तर एका फोनच्या हॉटस्पॉटवर दोन वर्ग चालत नाहीत. ज्याने हे करून पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

लाइनमनबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण राग त्याच्यावरच निघतो. स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून, पावसात विजेच्या खांबावर चढून, तुटक्या तारेची टोकं शोधणारा हा मुलगा बहुधा स्थानिक केबलवाल्याकडे कामाला असतो. त्याच्या हाती पॉवर मीटर असतो, फ्यूजन मशीन पाच जणांत एक. केबलवाला कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी केबलवाल्याकडे. पण परवाना ज्याच्या नावावर आहे आणि बिल ज्याच्या नावाने येतं, उत्तर त्याने द्यायचं असतं. लाइनमन आला की त्याला चहा द्या आणि एकच विनंती करा: जाण्याआधी कनेक्टर पुसून, मीटर लावून, आकडा दाखव, आणि मला फोटो काढू दे. बहुतेक मुलं आनंदाने दाखवतात. त्यांनाही माहीत असतं की वरचा जॉइंट खराब आहे, आणि त्यांचंही कुणी ऐकत नाही.

भाषेचाही एक अडसर आहे. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट पलीकडे, आजच्या महाराष्ट्रात, गेलं आणि आपण इकडे राहिलो. बोली आणि सोयरिकी सीमेने अडल्या नाहीत. आज हेल्पलाइनवर तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजी निवडावी लागते. तलमडुगूची आजी लाल दिवा कधी लागतो हे मराठीत अचूक सांगेल, पण ते ऐकायला तिकडे कुणी नाही. आकड्याला भाषा लागत नाही. म्हणून तर आकडा आपल्या हाती असायला हवा.

उरला ‘एवढ्याशा रकमेसाठी’ हा प्रश्न. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळालाच पाहिजे, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वाट पाहत बसू नये. ग्राहक न्यायालयाला टेलिफोनच्या तक्रारी ऐकताच येत नाहीत, असा बचाव कंपन्या वर्षानुवर्षं करत आल्या. २००९ च्या एका निकालाचा त्याला आधार होता. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो बचाव फेटाळला. दूरसंचार सेवा ही ग्राहक कायद्याखालची सेवाच आहे, आणि ग्राहक आयोगाला ती तक्रार चालवता येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनीचं कार्यालय हैदराबादला असो की मुंबईला, दावा आदिलाबादच्या जिल्हा आयोगात चालतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. वकील सक्तीचा नाही. दोष घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. बरोबर जोडायचं ते एवढंच: सगळे डॉकेट क्रमांक, तुटण्याच्या वेळांची वही, लॅन केबलवरच्या दुपारच्या आणि रात्रीच्या चाचण्या, लाल दिव्याचे तारीख-वेळेसह फोटो, आणि लाइनमनच्या मीटरवरचा उणे पंचवीस, उणे सव्वीस काय असेल तो आकडा. मग ‘त्या दिवशी आमच्या ओएलटीवर काय नोंद होती’ हे आयोगासमोर कंपनीने मांडायचं.